जन्मजात वाकडे पाऊल : पायाचे उपचार चालू असताना बाळाची बाकीची वाढ कशी सांभाळावी

आमच्या मुलाची दोन्ही पावले जन्मतःच आत वळलेली होती. तळवे समोरासमोर आलेले, टाचा वर ओढलेल्या आणि पावलाच्या आतल्या कडेला एक खोल घडी. पहिले सात-आठ महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. प्लास्टर कधी बदलायचे, बूट किती तास झाले, टाच खाली उतरली का, एवढेच बोलणे दिवसभर चाले. तो आठ महिन्यांचा असताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला साधा प्रश्न विचारला, "हा दिवसातून किती वेळ पालथा असतो?" मला उत्तर देता आले नाही. पायाला काही होईल या भीतीने आम्ही त्याला बहुतेक वेळ उताणे किंवा कडेवरच ठेवले होते. पावले छान सरळ झाली होती, पण मान, पाठ आणि खांदे मागे पडले होते. ती उणीव पुढच्या तीन महिन्यांत भरून निघाली. मात्र ती टाळता आली असती, म्हणून हा लेख लिहीत आहे.

जन्मजात वाकडे पाऊल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'क्लबफूट', ही दुर्मीळ गोष्ट नाही. साधारण हजार बाळांमागे एका बाळात ती आढळते, मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुप्पट दिसते आणि जवळजवळ निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. आज जगभर या व्यंगावर जी उपचारपद्धती वापरतात ती इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित केली. ते मूळचे स्पेनचे होते आणि ३ जून हा त्यांचा जन्मदिवस जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो. पद्धत थोडक्यात अशी : दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे, साधारण पाच ते सात प्लास्टरनंतर बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) एका छोट्या छेदाने मोकळी करायची, तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर घालायचे आणि मग मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत दांडीने जोडलेले बूट वापरायचे. हे सगळे तुमचे अस्थिरोगतज्ज्ञ समजावून सांगतीलच. त्याच काळात बाळाची मान, हात, भाषा, झोप, वजन आणि मन यांच्याकडे कसे लक्ष द्यायचे, ते मी येथे क्रमाने मांडते.

१. सर्वांत आधी संपूर्ण बाळाची तपासणी करून घ्या

बहुतेक बाळांना फक्त पावलाचाच त्रास असतो आणि ती इतर सर्व बाबतीत निरोगी असतात. काही बाळांच्या बाबतीत मात्र वाकडे पाऊल ही मज्जारज्जूच्या, सांध्यांच्या किंवा स्नायूंच्या एखाद्या मोठ्या आजाराची खूण असते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा, की पायाखेरीज पाठ, खुबे, हाताची बोटे, कोपर, गुडघे, नजर आणि श्रवण हेही तपासून हवे आहे. पाठीच्या खालच्या भागात खड्डा, केसांचा पुंजका किंवा गाठ दिसत असेल तर तुम्ही स्वतःहून दाखवा. कपडे घातलेल्या बाळाच्या पाठीकडे सहसा कोणी पाहत नाही. खुब्याचा सांधा नीट बसलेला आहे की नाही, हे विचारायला विसरू नका. आमच्या डॉक्टरांनी खुब्याची सोनोग्राफी करून घेतली आणि ती व्यवस्थित निघाली. त्यामुळे पुढे चालायला थोडा वेळ लागला तेव्हा निदान ती शंका मनात राहिली नाही.

सरकारी व्यवस्थेचा उपयोग येथूनच सुरू होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार त्यात होतात, आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे. प्रसूती झालेल्या रुग्णालयातून, आशाताईंकडून किंवा अंगणवाडीला भेट देणाऱ्या वैद्यकीय पथकाकडून संदर्भचिठ्ठी घेता येते. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असे लोक एका ठिकाणी भेटू शकतात. पायाचे उपचार तुम्ही खासगी रुग्णालयात घेत असलात तरी विकासाची तपासणी या केंद्रात करून घेण्यास काहीच हरकत नाही. आम्ही तसेच केले.

एक गोष्ट येथेच सांगते, कारण पहिल्याच आठवड्यात तिला तोंड द्यावे लागते. ग्रहणात आईने काही चिरले, मांडी घालून बसली, म्हणून बाळाचे पाय वळले, असे तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. मला बाळाच्या बारशाला आलेल्या बायकांनी नव्हे, तर अगदी जवळच्या माणसाने ऐकवले. या समजुतीला कसलाही आधार नाही. पाऊल असे का घडते याचे नेमके कारण बहुतेक वेळा सापडत नाही, त्यात आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, आणि आईच्या बसण्या-उठण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून घरातल्या मोठ्या माणसांसमोर बोलले जाईल असे बघा. पहिल्या भेटीला सासूबाईंना किंवा आजोबांना सोबत नेणे त्यासाठी फार उपयोगी पडते. दोषी ठरवलेली आई बाळाशी मोकळेपणाने खेळू शकत नाही, आणि बाळाच्या वाढीसाठी पहिल्या वर्षात त्या खेळाची फार गरज असते.

२. कागदपत्रे आणि सामान एका पिशवीत तयार ठेवा

कागदपत्रांपैकी प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड, बाळाचा जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, आईवडिलांचे आधार कार्ड, शिधापत्रिका, असल्यास संदर्भचिठ्ठी, आणि प्रत्येक प्लास्टरची तारीख लिहिलेली वही एवढे पुरेसे आहे. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा. माता-बाल संरक्षण कार्डाला केवळ लसीकरणाचा कागद समजू नका. बाळाने कोणत्या वयात काय करायला हवे याची चित्रे त्यात असतात आणि वजनाचा आलेखही असतो. प्लास्टर उतरवल्यावर पावलांचे फोटो समोरून, मागून आणि तळव्याकडून काढून ठेवा. पुढे पाऊल पुन्हा आत वळत आहे का, हा प्रश्न आला की हेच फोटो कामाला येतात.

सामान घरचेच आहे : दोन-तीन मऊ टॉवेल, जाड सतरंजी किंवा गोधडी, सुती शिवण नसलेले मोजे, पुढून उघडणारी झबली, दांडीवर गुंडाळायला जाड सुती कापड, न फुटणारा छोटा आरसा आणि खुळखुळा. महागडी खेळणी लागत नाहीत.

३. प्लास्टरच्या आठवड्यांत बाळाला निजवून ठेवू नका

मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये गुडघा काटकोनात वाकलेला असतो. त्यामुळे बाळाला उचलताना एक हात पाठीमागे आणि दुसरा प्लास्टरखाली द्या; पाय लोंबकळू दिले तर खुब्यावर ताण येतो आणि बाळ कुरकुरते. बोटांवर रोज नजर ठेवा. आमच्या बाळाची करंगळी प्लास्टरच्या कडेतून वाटाण्याएवढी डोकावत असे. दर दूध पाजण्याच्या वेळी मी ती हलकेच दाबून पाहत असे. दाबल्यावर पांढरी होऊन दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे. बोटे निळसर, फिकट किंवा गार पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत जाऊन दिसेनाशी झाली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. प्लास्टर घसरले तर ते पावलाला चुकीच्या जागी दाबते, म्हणून बोटे आत जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता विकासाकडे येऊ. जागे असताना बाळाला दिवसातून चार-पाच वेळा पालथे घाला. सुरुवातीला एक-दोन मिनिटे पुरेत. टॉवेलची गुंडाळी करून छातीखाली ठेवा, हात गुंडाळीच्या पुढे आणा आणि तुम्ही स्वतः जमिनीवर समोर झोपून त्याच्याशी बोला. प्लास्टरचे वजन मागे असल्यामुळे मान उचलायला त्याला जास्त जोर लागतो. म्हणून ते लवकर थकेल, आणि थकले की उचलून घ्या. सतरंजीवर जमत नसेल तर तुम्ही टेकून बसा आणि त्याला तुमच्या छातीवर पालथे ठेवा. आमच्याकडे हे काम त्याच्या वडिलांनी संध्याकाळी कामावरून आल्यावर घेतले. पालथे ठेवलेल्या बाळाजवळून क्षणभरही उठू नका आणि झोप लागली की त्याला पाठीवर वळवा. शिरेवर छेद दिल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत मात्र बाळ दुखण्याने चिडचिडे असते. त्या वेळी त्याला विश्रांती द्या आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा.

या काळातल्या तीन चुका मी वारंवार पाहिल्या आहेत.

पहिली चूक वजनाची. आरोग्य केंद्रात बाळाला प्लास्टरसकट काट्यावर ठेवतात आणि तोच आकडा कार्डावर लिहितात. बाळाचे वजन छान वाढले असे वाटते, प्रत्यक्षात त्यात प्लास्टरचा भार असतो, आणि दूध कमी पडत असेल तर ते कळतच नाही. जुने प्लास्टर निघाल्यावर, नवे घालण्यापूर्वी, वजन करून घ्या आणि तोच आकडा कार्डावर मांडा.

दुसरी चूक लसीची. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या काही लसी मांडीत दिल्या जातात आणि नेमकी मांडी प्लास्टरखाली असते. त्यामुळे 'प्लास्टर निघाल्यावर बघू' असे म्हणत लसी मागे पडतात. परिचारिकेला आणि प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून दोघांच्या संमतीने दिवस ठरवा. एकच पाय प्लास्टरमध्ये असेल तर प्रश्नच नाही.

तिसरी चूक मालिशीची. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला बाई येते आणि 'मी रोज ओढून सरळ करते, प्लास्टर कशाला' असे सांगते. पाऊल वळवण्याचा क्रम ठरलेला आहे. नुसते ओढल्याने बाळाच्या मऊ कूर्चेला इजा होऊ शकते. हात, पाठ, पोट आणि डोके यांची हलकी मालिश जरूर करू द्या, कारण प्लास्टरमुळे बाळाची आंघोळ बंद असते आणि स्पर्शाचे सुख कमी झालेले असते. पायाला मात्र फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्याखेरीज कोणाचा हात लागू देऊ नका. दुपट्यात पाय सरळ करून बाळाला घट्ट बांधण्याची पद्धतही सोडा. ती खुब्याच्या सांध्याला घातक आहे.

४. दांडीचे बूट : पहिले तीन महिने

शेवटचे प्लास्टर निघाले की सगळ्यांना वाटते, झाले एकदाचे. खरे तर उपचाराचा लांबचा पल्ला येथून पुढे सुरू होतो. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास बूट, त्यानंतर रात्रीची आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, असा नियम मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत चालतो. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण बूट अर्ध्यावर सोडणे हेच असते, म्हणून या बाबतीत तडजोड करू नये.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते. बहुतेक वेळा त्याला एकेक पाय सुटा हलवता येत नाही, याचा राग आलेला असतो. बूट घालून झाल्यावर लगेच निजवू नका. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा आणि एकदम सरळ करा, आणि हे खेळासारखे, हसत, बोलत करा. तिसऱ्या दिवशी आमच्या मुलाने दोन्ही पाय एकत्र उचलून दांडी पाळण्याच्या कठड्यावर आपटली, त्या आवाजाने तो स्वतःच दचकला, आणि मग पुन्हा मुद्दाम आपटली. त्या दिवसापासून रडणे थांबले. दांडीला कापड गुंडाळा म्हणजे त्याला आणि तुम्हालाही लागणार नाही. मात्र रडणे थांबतच नसेल तर बूट काढून पाहा. फिकट गुलाबी वळ लवकर जात असतील तर चिंता नाही, परंतु टाचेवर फोड किंवा गडद लाल डाग असेल तर पाऊल बुटात घसरते आहे असे समजा आणि दवाखान्यात दाखवा. फोड आला म्हणून आठवडाभर बूट बंद ठेवणे हा उपाय नाही. पट्टा सैल करणे हाही नाही, उलट सैल पट्ट्यानेच फोड येतात. टाचेला तेल किंवा क्रीम लावू नका. त्वचा मऊ पडून लवकर सोलते.

उरलेला एक तास नीट वापरा. त्यात आंघोळ, शिकवलेले व्यायाम आणि मोकळे पाय, हे तिन्ही बसवायचे आहे. कितीतरी आठवडे त्या तळव्यांना प्लास्टर आणि मोजा याखेरीज काहीच लागलेले नसते, त्यामुळे काही बाळे पाय जमिनीला टेकताच वर ओढून घेतात. ओले फडके, चटई, गोधडीचे टाके, आपला स्वतःचा तळहात, गवत असे निरनिराळे स्पर्श रोज थोडेथोडे द्या. माझ्या आईने परातीत तांदूळ पसरून त्यात त्याचे तळवे टेकवले. पहिल्यांदा त्याने ओठ काढले, आठवड्याभरात बोटे हलवून तांदूळ उडवू लागला. तांदळाचे दाणे तोंडात जाऊ नयेत म्हणून हे काम डोळ्यांसमोरच करायचे.

बूट घातलेले असतानाही पालथे घालणे, कुशीवर वळवणे आणि आधार देऊन बसवणे चालू ठेवा. कापडाच्या झोळीत मात्र ठेवू नका. झोळीत दांडी अडकते, पाय जवळ दाबले जातात आणि बाळाला हालचालही करता येत नाही.

५. बोलणे, हात आणि नजर यांना पायासाठी थांबायचे नसते

हा भाग लहान आहे, पण तो राहून जातो. दवाखान्याच्या फेऱ्यांत आठवड्याचा एक दिवस जातो, आई दमते, आणि बाळाशी होणारे बोलणे 'बूट घाल, बूट काढ' एवढ्यावर येते. बूट घालण्याची वेळ हीच बोलण्याची वेळ करा : हा डावा पाय, हा उजवा, आता मोजा, आता पट्टा. आमच्या मुलाचा 'आई'नंतरचा दुसरा शब्द 'बूत' होता. खुळखुळा छातीच्या मध्यरेषेवर धरा म्हणजे तो दोन्ही हात पुढे आणील. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करताना त्याला बूट घातलेल्या अवस्थेत मांडीवर नीट टेकवून बसवा. उष्टावण पुढे ढकलण्याचे कारण नाही. फोटोत दांडी दिसते म्हणून बोरन्हाण रद्द करणारे एक कुटुंब मला माहीत आहे, आणि आजही त्या आईला त्याची रुखरुख आहे.

६. रांगणे, उभे राहणे आणि चालणे

उपचार पहिल्या महिन्यात सुरू झाले असतील तर पूर्णवेळ बुटांचा काळ साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात संपतो. म्हणजे रांगण्याच्या वयात दिवसाचे पाय मोकळेच असतात. उपचार उशिरा सुरू झाले असतील तर दोन्ही एकत्र येतात. अशा वेळी बाळ पोटावर सरपटेल, बसून ढुंगणावर पुढे सरकेल, आणि तेही ठीकच आहे. काही निरोगी मुले कधीच रांगत नाहीत.

पोन्सेटी पद्धतीने उपचार झालेली मुले सर्वसाधारणपणे इतरांपेक्षा एक-दोन महिने उशिरा चालू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांसाठी दिलेला स्वतंत्र चालण्याचा काळही सुमारे ८ ते १८ महिने इतका मोठा आहे. म्हणून शेजारचे बाळ अकराव्या महिन्यात चालले, याचा आपल्याशी काही संबंध नाही.

बसवून ढकलायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्यात मूल बोटांवर भार देऊन सरकते, आणि आपल्याला तर टाच जमिनीवर हवी आहे. शिवाय उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून तो उलटतो. त्याऐवजी जुना लाकडी पांगुळगाडा उत्तम. मूल स्वतःच्या पायावर उभे राहते, भार स्वतः पेलते आणि गाडा पुढे ढकलते. सुरुवातीला गाडा हलका पडून पळतो, म्हणून आम्ही त्यावर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली होती. घरात अनवाणी चालू द्या. खास तयार केलेले 'ऑर्थोपेडिक' बूट दिवसा घालायची गरज सहसा नसते. बाहेर जाताना साधे, मऊ तळव्याचे, नीट बसणारे बूट पुरतात.

चालायला लागल्यावर उकिडवे बसण्याचा खेळ रोज ठेवा. जमिनीवर मणी, बाटलीची झाकणे किंवा चिंचोके पसरा, पण मूल वस्तू तोंडात घालण्याच्या वयाचे असेल तर मोठ्या वस्तू घ्या, आणि त्याला उकिडवे बसून त्या डब्यात भरू द्या. दोन्ही टाचा जमिनीला टेकून बसता येणे हा घोट्यासाठी फार चांगला व्यायाम आहे, आणि तुमच्यासाठी तपासणीही. पूर्वी टेकणारी टाच आता उचलली जात असेल, मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर किंवा चवड्यांवर चालत असेल, किंवा कालपर्यंत सहज जाणारे पाऊल आज बुटात बसत नसेल, तर पाऊल पुन्हा वळू लागल्याची शंका घ्या. लवकर दाखवले तर अनेकदा पुन्हा थोड्या प्लास्टरवर काम भागते.

७. कोणता उशीर पायामुळे आणि कोणता नाही

पालकांच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक उशिराचा दोष पायावर टाकणे. चालायला थोडा उशीर पायामुळे होऊ शकतो. पण चार महिने उलटूनही मान न सावरणे, नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, आवाजाकडे न वळणे, नजरेला नजर न देणे, एकच हात वापरणे, मुठी सतत घट्ट असणे, वर्षाचे होऊनही काहीच न बडबडणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, यांपैकी कशाचाही वाकड्या पावलाशी संबंध लावता येत नाही. अठरा महिन्यांनंतरही स्वतंत्र चालत नसेल तर 'याचे पाय असे होते ना' म्हणून थांबू नका. या खुणा दिसल्या तर शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची सविस्तर तपासणी मागून घ्या. अस्थिरोगतज्ज्ञांना पायाबद्दल विचारले तर ते पायाबद्दलच सांगणार. बाकीचे विचारणे आपल्याकडे आहे. एका ठिकाणी मी मुलाच्या पाठीविषयी विचारले तेव्हा 'आधी पाय होऊ द्या' एवढेच उत्तर मिळाले होते. तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही बसू नका, दुसऱ्या योग्य माणसाला विचारा.

८. रात्रीचे बूट आणि घरातली माणसे

तीन-चार वर्षे रोज रात्री बूट घालणे एकट्या आईच्या बळावर होत नाही. बाबा, आजी, आत्या, जो कोणी रात्री घरात असतो त्या प्रत्येकाला बूट घालता यायला हवेत. टाच बुटात पूर्ण खाली बसली का हे मागच्या छिद्रातून पाहायचे, आधी मधला पट्टा आवळायचा आणि मगच बाकीचे, हे एकेकाकडून तुमच्यासमोर करून घ्या. दयेपोटी रात्री गुपचूप बूट काढणारी आजी मी अनेक घरांत ऐकली आहे. तिला रागावून उपयोग होत नाही. तिला तपासणीला सोबत न्या आणि बूट सोडल्यावर पुन्हा वळलेले पाऊल कसे दिसते ते डॉक्टरांकडून समजून घेऊ द्या.

दूध, दात घासणे, बूट, गोष्ट, झोप असा क्रम ठरवा आणि पाहुणे असोत की लग्नाचा मांडव, तो मोडू नका. दीड-दोन वर्षांचे मूल स्वतः पट्टा सोडायला शिकते. त्या वयात त्याला निवड द्या : आधी कोणता पाय? कोणते मोजे? बूट घालायचे की नाही, ही निवड मात्र कधीच देऊ नका. बाहुलीच्या पायाला काडी आणि दोऱ्याने तसेच 'बूट' बांधून दिले तर मुले तिला मोठ्या जबाबदारीने झोपवतात. मोठे भावंड असेल तर त्यालाही रोज रात्री दहा मिनिटे फक्त त्याच्यासाठी द्या.

९. अंगणवाडी, शाळा आणि खेळ

अंगणवाडीत किंवा बालवाडीत घालताना ताईंना तीन गोष्टी सांगा : पावलांवर उपचार झाले आहेत आणि ती आता सरळ आहेत, दुपारी तिथे झोपत असेल तर बूट घालायचे आहेत, आणि त्याला कोणत्याही खेळातून बाजूला बसवायचे नाही. तिसरी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण शिक्षक काळजीपोटी मुलाला खुर्चीवर बसवतात. उपचार झालेल्या पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल किंचित लहान राहते, लांब चालल्यावर पाय लवकर दमतो. तेव्हा थोडे बसून पुन्हा खेळू द्यावे. एकच पाय वळलेला असेल तर दोन पावलांच्या मापात फरक पडू शकतो. मोठ्या पावलाच्या मापाचे बूट घेऊन दुसऱ्यात जास्तीचा मऊ तळ घाला.

पकडापकडी, जिना चढणे, तीनचाकी सायकल, पोहणे, वाळूत चालणे हे सर्व करू द्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एका पायावर क्षणभर उभे राहणे आणि चौथ्या-पाचव्या वर्षी लंगडी घालणे जमू लागते. लंगडीचा खेळ पोटरीसाठी इतका चांगला आहे की आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो व्यायाम म्हणूनच लिहून दिला होता. क्रिस्टी यामागुची ही अमेरिकन खेळाडू वाकड्या पावलांसह जन्मली होती आणि तिने १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकले. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना हे सांगितल्यावर त्यांचा सूर बदलला.

मुलाला त्याच्या पायांची गोष्ट तुम्हीच लवकर सांगा. तीन वर्षांच्या मुलालाही एक सरळ वाक्य पाठ होते : "माझे पाय जन्मताना आत वळले होते, डॉक्टरांनी सरळ केले, आणि रात्री मी माझे बूट घालतो." हे वाक्य त्याच्याजवळ असले म्हणजे कोणी 'हे काय?' विचारल्यावर तो गोंधळत नाही. चिडवणे सुरू झालेच तर शिक्षकांना लगेच भेटा आणि चिडवणाऱ्या मुलालाही ती गोष्ट कळू द्या. आमच्या मुलाने पहिलीत असताना आपले पहिले, माझ्या तळहातावर मावणारे बूट वर्गात नेले होते. एका मुलीने ते हातात घेऊन दांडी वाजवून पाहिली, आणि मग सगळ्यांनाच ती वाजवायची होती.

बूट बंद झाले तरी तपासणी बंद करू नका. उंची वाढत असते तोपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतराने जायचे आहे, आणि प्रत्येक वेळी जुने फोटो, वही आणि सध्या वापरात असलेले रोजचे बूट सोबत न्यायचे आहेत. तळ कोणत्या बाजूने झिजला आहे, हे डॉक्टर आधी पाहतात.